बसलेले खांब

दि. ४ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

बाबांना जाऊन आज दोन महिने झाले. मी बरी आहे. वहिनीला सांग, वेळेवर जेवते.

आता मुद्द्याचे. बंदर कार्यालय धक्क्यावरची जुनी वखार पाडणार आहे. चाळीसपैकी चौदा खांब बसले आहेत, असे इंजिनिअरसाहेबांच्या अहवालात आहे. कुणी मोजले विचारले, तर त्यांनी तुझ्या हातचा कागद पुढे केला. बाबांच्या कामाच्या वहीवरून तू तो करून दिलास म्हणे.

दादा, तू पुष्कळ शिकलास, सुतारकाम तेवढे राहिले. खाऱ्या ओलीने खांबाचा पाय कुजतो. बाबा तेवढाच कापून नवा जोडत आणि खालच्या दगडावर भार नीट आला की वहीत "खांब बसला" असे लिहीत. सांधा बसतो तसा. घर बसते तसा नव्हे. त्यांनी उभे केलेले चौदा खांब तू एका कागदात खचवलेस.

पंधरा तारखेला हुकूम निघेल. चूक तूच लेखी कळव. मी बोलले तर मुलगी हळवी झालीय म्हणतील.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
छोटी

दि. ८ फेब्रुवारी

चि. छोटीस,
अ. उ. आ.

पत्र वाचून कान धरले. बाबांचे काम साहेबांना नीट कळावे म्हणून पट्टीने रेघा मारून यादी केली होती. तुझी वहिनी म्हणते, रेघा तेवढ्या सरळ आल्या. चूक माझी आहे, खांबांची नाही, असे आजच कळवले आणि ओळंबा लावून खांब सरळ आहेत का ते पाहा, अशी विनंती केली.

पण एक विचारतो. शेवटी शेवटी बाबा थकले होते. चौदाही खांबांची तुला खात्री आहे ना? वखारीत माणसे काम करतात.

उत्तराची वाट पाहतो. तब्येतीला जप, भांडायला मला तू एकच आहेस.

तुझा,
दादा

दि. १६ फेब्रुवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल साहेब आले. शिडाच्या जहाजांच्या काळात वखार कशी चाले, ते मी त्यांना दाखवले. गाडी रस्त्याच्या दाराने आत येई, माल उतरवून समुद्राच्या दाराने बाहेर पडे. म्हणून खाली आडवी भिंत एकही नाही. वरचा मजला, छप्पर, सगळा भार खांबांवर.

तुझ्या प्रश्नाने मला झोप नव्हती. समुद्राच्या दाराजवळचा खांब बसवताना बाबांचा हात थरथरत होता. पाचर मीच धरली होती. खांब किंचित कललेला दिसला, पण त्यांना ते सांगवले नाही. साहेबांनी ओळंबा लावण्याआधी मीच हे सांगितले. तो खांब दोन बोटे कलला आहे. बाकीचे तेरा दोरीत आहेत.

साहेबांनी ओळंबा गुंडाळला. मग म्हणाले, एका खांबासाठी कुणी वखार पाडत नाही. हुकूम थांबला. तो खांब महिन्याभरात दुरुस्त करायचा आहे.

कारागीर म्हणून कुणाचे नाव लिहू, असे त्यांनी विचारले. इतकी वर्षे या प्रश्नाला मी बाबांचे नाव सांगत आले. काल माझे सांगितले.

वहिनीस नमस्कार. तुम्हा दोघांची माया अशीच राहू दे.

तुझी,
छोटी