वाईट नाही

३ मार्च
बोटीनं कर्कवॉलच्या इस्पितळात पोचले. काठी टेकत का होईना, पण स्वतःच्या पायांनी! नवऱ्याची, जेकबची, आपली कुरकुर, की इतकी औषधं झाली, आता हे नवीन कशाला. म्हटलं, मेंढ्या व्यायच्या आत धडधाकट परत येते की नाही बघ. खोलीतून समुद्र दिसतो. बेला नर्सनं नीट समजावलं. माझ्या नसांवरचं आवरण झडलंय, उंदरानं कुरतडलेल्या वायरीसारखं. दर शुक्रवारच्या इंजेक्शननं ते परत चढेल. नसांची जी वाट जास्त वापरातली, ती आधी दुरुस्त होते म्हणे. रोज सकाळी ती विचारणार, कशी आहेस, आणि त्यावर पुढचं इंजेक्शन ठरणार. मी म्हटलं, "वाईट नाही." ती हसली. तीही आमच्या बेटांवरचीच. छप्पर उडालं तरी आमच्याकडे माणूस एवढंच म्हणतो.

११ मार्च
उजव्या हाताला लोकर लागली! खरखरीत, ओलसर. तीन वर्षांनी! रडले चक्क. डाव्या हाताला मेल्याला अजून काही कळत नाही, पण त्यात सुई कशीबशी धरून जेकबचा मोजा विणायला घेतला.

१६ मार्च
मोजा संपला. उजवा हात मात्र रिकामाच विणत बसलाय. थांब म्हटलं तरी थांबेना, म्हणून हे डाव्यानं गिरगटतेय. बेलानं विचारलं. उगाच कशाला बाऊ करायचा? "वाईट नाही," म्हटलं.

१९ मार्च
आज सांगणारच होते. तोंड उघडलं आणि "वाईट नाही." ते मी नाही बोलले. माझ्या आधीच बाहेर पडलं — बेलानं टिपून घेतलं. शुक्रवारी मात्रा वाढवू म्हणाली.

२३ मार्च
जेकब आला. मला काठीशिवाय चालताना बघून त्याचे डोळे भरले. मला घरी ने, असं ओरडायचं होतं. तोंड हसलं. तोंडानं त्याला मेंढ्यांकडे परत पिटाळलं. उगाच कुरकुरलो गं मी, म्हणाला. पाय त्याला दारापर्यंत सोडून — वळले. मी नाही वळवले.

२७ मार्च
डावा हात तेवढा उरलाय. बधिर, वेडावाकडा, पण माझा. उद्या इंजेक्शन. ही वही बेलाच्या औषधांच्या ताटाखाली सरकवायची —
पेन लागतंय बोटांना. गार. गुळगुळीत. नको, देवा, आत्ता नको —
बेला, इंजेक्शन देऊ नकोस, मी आत रोज ओरड —
वाईट नाही. वाईट नाही. वाईट ना