डबक्याची सुटका

२७ डिसेंबर, शनिवार, संध्याकाळ

नवी वही. म्हणून सगळं पहिल्यापासून लिहितो. यात फक्त खरं लिहायचं, हा नियम.

आज दारव्ह्यात इतिहास घडला. शाळेच्या हॉलमध्ये माझ्या कार्टूनचा पहिला भाग दाखवला. चित्रकलेचा मास्तर असून घरच्या कॉम्प्युटरवर एकेक चित्र काढत तीन वर्षं घालवली, ती वाया गेली नाहीत. गोष्ट अशी: कापशा नावाचा ससा आणि डबक्या नावाचा बेडूक, जिवाभावाचे मित्र. शेवटी वावटळराणी येते आणि डबक्याला उचलून सात बुरुजांच्या किल्ल्यात नेते. डबक्या वरून ओरडतो, "कापशा, मले वाचव!" पडदा काळा. दुसरीतल्या चार मुली रडल्या. मी मागच्या खुर्चीवरून मोजल्या.

डबक्याचा आवाज तनवीरचा. पाचवीपासूनचा दोस्त. ऑटोवर भोंगा लावून गावभर अनाउन्समेंट करतो. साड्यांचा सेल, रक्तदान शिबिर, हरवलेली म्हैस. त्याचा आवाज म्हणजे बसस्टँडवर सुरू झाला की नाक्यापर्यंत पोचतो.

तो आज आला नाही. आठ दिवसांमागे रेकॉर्डिंग झालं, तेव्हापासून घसा बसला आहे म्हणे. थंडीचे दिवस आहेत. होतं.

मुख्याध्यापक भगवानरावांनी माईकवर जाहीर केलं, दुसरा भाग २४ जानेवारीला, स्नेहसंमेलनात. मी मान डोलावली. चार आठवडे म्हणजे भरपूर.

३० डिसेंबर

तनवीरला फोन केला. अस्मावहिनींनी उचलला. म्हणाल्या, "भाऊ, त्याईच्या गळ्यातून हवाच निघून राह्यली, आवाज नाही." हळदीचं दूध सुचवलं. मनावरचं ओझं उतरलं.

साधना ऐकत होती. माझी बायको आरोग्यसेविका आहे, तिला प्रत्येक खोकल्यात रोग दिसतो. म्हणाली, "इतके दिवस आवाज बसला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरले दाखवा लागते. तुम्ही घेऊन जा त्याईले यवतमाळले." मी म्हणालो, माझ्याही डोक्यात तेच होतं. खरोखर होतं. म्हणजे ती म्हणाल्यावर आलं, पण आलं.

१ जानेवारी

संकल्प. पहाटे पाचला उठणे, रोज किल्ल्याचा एक बुरुज पूर्ण करणे. रविवारी तनवीरला यवतमाळला नेणे. हा शेवटचा संकल्प सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून त्याच्याखाली दोन रेघा मारल्या. रेघा सुंदर आल्या.

४ जानेवारी, रविवार

सकाळी नऊपर्यंत निघायचं ठरलं होतं. पण बुरुज नंबर दोन एका बाजूला झुकत होता. तो सरळ करता करता दीड वाजला. तसंही रविवारी डॉक्टर असतात की नाही कोणास ठाऊक. तनवीरला मेसेज टाकला, "पुढच्या रविवारी नक्की." त्यानं अंगठा पाठवला.

अंगठ्याचे दोन अर्थ होतात. मी चांगला घेतला.

७ जानेवारी

डबक्याचा आवाज मीच काढायचा ठरवलं. तेवढाच त्याच्या घशाला आराम. मोनालीला बोलावून ऐकवलं. माझी मुलगी नऊ वर्षांची आहे, स्पष्ट बोलते. म्हणाली, "पप्पा, हा बेडूक नाही. हे तर हजेरी घेऊन राह्यले."

शाळेत शिपाई भावसिंगला विचारून पाहिलं. तांड्यावर भजनाला त्याचा आवाज सगळ्यात वर असतो. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सर, डबक्या म्हणजे तनवीरभाऊ. मी कसा होऊ?" मग विचारलं, "बरे हायेत ना ते?"

मी म्हणालो, एकदम बरे.

नियमाप्रमाणे लिहून ठेवतो: हे खरं नव्हतं.

१० जानेवारी

बाजारात गेलतो. तनवीरचा ऑटो दिसला. भोंग्यातून कुण्या मुलीचा रेकॉर्ड केलेला आवाज येत होता, पेनड्राइव्हवरचा. फार शुद्ध बोलत होती. दारव्ह्याला "दारवा" म्हणत होती. कोणी वर बघत नव्हतं. तनवीर गळ्याला मफलर गुंडाळून पुढच्या सीटवर बसला होता, हात मांडीवर.

मी पेरूच्या गाडीमागे गेलो. लपलो नाही. पेरू बघत होतो. त्यानं मला पाहिलं आणि हात वर केला. मी पेरू निवडण्यात इतका गुंतलो होतो की माझा हात वर व्हायला उशीर झाला, तोवर ऑटो वळला.

घरी दोन किलो पेरू. साधनानं विचारलं, "एवढे काहून?"

११ जानेवारी, रविवार

यवतमाळ रद्द. बुरुज नंबर पाच. शिवाय आज साधनाच बाहेर गेली होती, मोनालीला कोण बघणार. साधना कुठे गेली ते तिनं सांगितलं नाही, कामात होतो म्हणून मीही विचारलं नाही.

१२ जानेवारी, दुपारी ४

भन्नाट कल्पना! तनवीरचे आधीचे शब्द तर कॉम्प्युटरमध्ये आहेतच. पहिल्या भागातले आणि टाकून दिलेलेसुद्धा. तेच कापून जोडले की झाले नवे संवाद. त्याला बोलायची गरजच नाही. यालाच म्हणतात मित्राची काळजी.

१२ जानेवारी, संध्याकाळी ७

"कापशा, मले वाचव" या एका वाक्याचे टेक ऐकायला बसलो. इअरफोन लावून, क्रमानं. त्रेचाळीस निघाले. मला वाटत होतं पंधरा-वीस असतील.

एकोणिसाव्या टेकनंतर तनवीरचा आवाज येतो, "बस ना बे अश्वजित. गळा दुखून राह्यला." लगेच माझा आवाज. "लेकरांसाठी करून राह्यलो ना आपण. अजून दर्द पाहिजे."

सव्विसाव्याला तो पाणी मागतो. मी म्हणतो, पाणी प्यायल्यावर आवाज बदलेल, थांब थोडा.

एकतीसला नुसता खोकला. पस्तीसनंतर तो काही बोलतच नाही. फक्त ओरडतो, मी "पुन्हा" म्हणतो, तो पुन्हा ओरडतो. त्या दिवशी मला वाटलं होतं, किती रंगात आला आहे.

मग पाहिलं, शेवटी सिनेमात कोणता लावला. चौथा.

फाइल डिलीट केली. मग रिसायकल बिनमधून परत काढली. मग जेवलो नाही. साधनाला सांगितलं, पेरू जास्त झाले.

१४ जानेवारी, संक्रांत

तनवीरकडे तिळगूळ घेऊन गेलो. आज सगळं सांगून टाकायचं. गल्लीत पोचलो तर दार उघडं होतं आणि आतून अस्मावहिनींचा आवाज येत होता. त्या एकट्याच बोलत होत्या. प्रश्न त्याच विचारत होत्या, थोडं थांबून उत्तरही त्याच देत होत्या. ज्या घरातून तनवीरचं बोलणं चौकापर्यंत यायचं त्या घरात.

डबा ऑटोच्या सीटवर ठेवला आणि परत आलो. तिळगूळ पोचणं महत्त्वाचं.

१६ जानेवारी

साधनाला सहज म्हटलं, या रविवारी तनवीरला नेतोच. ती भाकरी थापत होती. मागे न वळता म्हणाली, "झालं ते. मी अन् अस्मा गेलतो त्याईले घेऊन, मागच्या रविवारी. त्या डॉक्टरची रविवारी सकाळी ओपीडी असते."

स्वरतंतूंवर गाठी आल्या आहेत. साध्या आहेत, घाबरण्यासारखं नाही. पण महिनाभर पूर्ण मौन. कुजबुजायचंसुद्धा नाही. गाठी विरल्या तर ठीक, नाही तर ऑपरेशन. आवाज पहिल्यासारखा होईल की नाही, ते डॉक्टर आत्ताच सांगत नाहीत.

मी म्हणालो, मला सांगितलं का नाही?

"तुम्ही विचारलंच नाही."

हे मात्र खरं आहे.

१८ जानेवारी, रविवार

माफीचं भाषण लिहिलं. चार पानं. वाचून पाहिलं तर पहिल्या पानावर माझं बालपण आहे आणि तिसऱ्या पानावर अ‍ॅनिमेशन हे किती कठीण माध्यम आहे, हे आहे. तनवीरचं नाव चौथ्या पानावर येतं. पुन्हा लिहावं लागेल. पण भाषा चांगली उतरली आहे.

१९ जानेवारी

गेलो. पानं खिशात. तनवीर पाटी-पेन्सिल घेऊन बसला होता. मला पाहून इतका खूश झाला की बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात अस्मावहिनी स्वयंपाकघरातून ओरडल्या, "मुंह बंद!" त्यानं तोंड मिटलं आणि पाटीवर लिहिलं, "डबक्या सुटला का?"

मी म्हणालो, सुटतच आला आहे.

"कसा?"

मग मी त्याला अख्खा दुसरा भाग सांगितला. कापशा सात बुरुज कसे चढतो, वावटळराणीला कापसाच्या गंजीत कसा फसवतो, राणीला शिंका कशा येतात. शिंका मी करून दाखवल्या. तनवीर पोट धरून आवाज न करता हसला, डोळ्यांतून पाणी आलं. अस्मावहिनी म्हणाल्या, "भाऊ, हसवू नका. डॉक्टरनं हसू नका म्हटलं." मी सॉरी म्हणालो.

एवढ्यासाठीच सॉरी म्हणालो. बाकीचं खिशातच राहिलं. चहा घेऊन आलो.

२२ जानेवारी

भगवानरावांना म्हटलं, दुसरा भाग पुढे ढकलू. त्यांनी छापलेली पत्रिका दाखवली. त्यावर "डबक्याची सुटका" आणि खाली माझं एकट्याचं नाव. मी म्हणालो, तनवीरचंही नाव हवं होतं. ते म्हणाले, मजकूर तुम्हीच दिला होता, सर.

मग तोडगा सापडला. राणीच्या जादूनं डबक्या मुका झाला आहे! संवादच नकोत. शांततेतच कला असते.

२४ जानेवारी, शनिवार

जसं झालं तसं लिहितो.

हॉल गच्च. तनवीर आणि अस्मावहिनी तिसऱ्या रांगेत, साधनाशेजारी. कापशा बुरुज चढला, मुलं ओरडली. राणी शिंकली, मुलं लोळली. कापशानं पिंजऱ्याचं दार उघडलं. डबक्या बाहेर आला आणि नुसता उभा राहिला. कापशानं मिठी मारली. डबक्या गप्प. समाप्त.

टाळ्या नाहीत. दुसरीतली एक मुलगी उभी राहिली. बहुतेक तेव्हा रडलेल्या चौघींपैकीच. "सर, डबक्या बोलत काहून नाही?"

माईक माझ्याकडे होता. म्हणालो, वावटळराणीनं त्याचा आवाज नेला.

"मग कापशानं आवाज काहून नाही आणला? नुसता बेडूकच आणला."

सगळी मुलं ओरडायला लागली, आवाज आणा, आवाज आणा. तनवीर माझ्याकडे बघत होता. रागानं नाही. तसं असतं तर सोपं गेलं असतं. मग म्हणालो, "राणीनं नाही नेला. माझ्यामुळं गेला. मी त्याला फार ओरडायला लावलं. त्यानं बस म्हटलं होतं, मी थांबलो नाही."

मग भगवानराव मोठ्यानं हसले, त्यांच्यामागून पाहुणे, त्यांच्यामागून मुलं. "वा सर, वा!" कडाडून टाळ्या. माझ्या आयुष्यातल्या सगळ्यात मोठ्या टाळ्या. गुच्छ मिळाला, झेंडूचा.

तिसऱ्या रांगेत तिघं हसले नाहीत. तनवीर उठून बाहेर गेला. मागून जायला निघालो, पण लोक फोटोसाठी थांबवत होते. थांबलो.

का थांबलो?

२५ जानेवारी

गुच्छ अंगणात फेकला. साधना म्हणाली, मंगळवारी तनवीरला परत दाखवायचं आहे, तिची ड्युटी आहे आणि अस्माच्या अम्मीला बरं नाही. कोण जाईल? हे तिनं मला विचारलं नाही. माझ्याकडे बघून भिंतीला विचारलं.

मी जातो म्हणालो.

२७ जानेवारी, मंगळवार, संध्याकाळ

गेलो. वेळेवर. शाळेत रजा टाकून.

एसटीत शेजारी शेजारी बसलो. पाऊण वाट मी तिकिटाच्या घड्या घालत होतो. मग सांगितलं. भाषण नाही, तसंच. त्रेचाळीस टेक, पाणी दिलं नाही ते, आणि शेवटी चौथाच लावला ते. तनवीरनं पाटी काढली. बस हलत होती, अक्षर वाकडं येत होतं. "मले तेव्हाच माईत होतं चौथा चांगला झाला."

मी विचारलं, मग सांगितलं का नाही?

त्यानं पुसलं. लिहिलं, "तू ऐकत होतास का?" ते पुसून पुन्हा लिहिलं, "आता डबक्या नाही करत मी." मी बरं म्हणालो. समजावत बसलो नाही. तेवढं जमलं.

डॉक्टरांनी नळी घालून पाहिलं. गाठी लहान झाल्यात. ऑपरेशन बहुतेक लागणार नाही. अजून तीन आठवडे मौन. मला रडू आलं, ते मी खोकल्यात लपवलं.

मग डॉक्टरांनी फाइल बघत विचारलं, "अनाउन्समेंट तर हे दहा वर्षांपासून करतात. मग एकाएकी असं काय झालं?" तनवीर बोलू शकत नव्हता. दोघांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हणालो, एका रेकॉर्डिंगमध्ये ओरडायचं होतं. एकच वाक्य, त्रेचाळीस वेळा. मध्ये पाणी नव्हतं.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "कोणी करायला लावलं हे?"

"एका मित्रानं."

"मित्र म्हणता त्याला? त्या माणसाला यांच्या आसपास फिरकू देऊ नका. तुम्ही सोबत आलात, तुम्हाला यांची काळजी दिसते. तुम्हीच लक्ष ठेवा त्याच्यावर."

तनवीरनं मफलर तोंडात कोंबला. खांदे गदागदा हलत होते. हसायला मनाई आहे, हे मी त्याला सांगायला हवं होतं.

डॉक्टर माझ्या उत्तराची वाट बघत होते. मी म्हणालो, हो, ठेवतो.