काळी जागा परत आली

नाना, तुमची काळी जागा परत आली! आज सकाळी दुकानाचं शटर वर केलं, कॉम्प्युटर चालू केला आणि समोर पाटी आली, ‘नवीन सुधारणा’. यादीत तिसऱ्या की चौथ्या ओळीवर ती होती. मी इतक्या मोठ्यांदा ओरडले की माझ्याकडे कामाला असलेल्या दोघी मुली आतून धावत आल्या. त्यांना वाटलं मला शॉक लागला. एक तर लाकडी स्टूल घेऊनच आली, मला वायरीपासून ढकलायला. मी हसत सुटले, त्या बघत राहिल्या. त्यांना काय सांगणार? ज्याला सांगायचं तो माणूस जाऊन वीसएक वर्षं झाली. म्हणून लिहायला बसलेय. पहिल्यापासूनच सांगते, नाहीतर तुम्ही मध्येच बोट वर करून म्हणाल, “थांब, मांगे ले,” टेप मागे घ्यायला सांगायचात तसं.

तुमचं ते डिंडोलीचं स्वयंपाकघर मला आजही बारीकसारीक आठवतं. एका बाजूला नानींचा ओटा, दुसऱ्या बाजूला टेबलावर दोन व्हीसीआर, चित्रं जोडायचा मिक्सर आणि टीव्ही, कारण जाड वायरचा प्लग घरात तेवढा एकच आणि तो नेमका तिथे. फोडणी द्यायच्या आधी नानी आवाज द्यायच्या, “फोडणी!” की तुम्ही झटकन मशीनवर टॉवेल टाकायचात. लसणाचा धूर निवळेपर्यंत काम बंद. दहावी झालेली मी, तीन घरं सोडून राहणारी. वडील पांडेसऱ्याच्या मिलमध्ये कापड रंगवायला होते आणि त्यांच्या मते तुमचं काम ‘बसायचं’ होतं, म्हणजे मुलीला चालण्यासारखं. बसायचं कसलं! पहिल्या आठवड्यात माझी मान आखडली, डोळे सुजले. आजूबाजूच्या लोकांना मिक्सिंग म्हणजे लग्नाच्या कॅसेटवर गाणी चढवणं एवढंच माहीत होतं. तुम्ही मला शिकवलंत की एका मशीनवरचं चित्र दुसऱ्या मशीनवर एकामागे एक बसवत जायचं, आणि एकदा बसवलं की मध्ये काही घुसडता येत नाही, टेप काही रबराची नसते. मग एखादा तुकडा हाताशी नसला, दुसऱ्या कॅमेऱ्याची कॅसेट कुणा पाहुण्याच्या पिशवीतून धुळ्याला गेलेली असली, तर तुम्ही काय करायचात? तेवढ्या मापाचा नुसता काळा पडदा रेकॉर्ड करायचात आणि पुढचं लग्न जोडत जायचात. कॅसेट आली की त्या काळ्यावर चित्र बरोबर बसायचं, इकडचं तिकडे न होता. “काळी जागा ठेव,” एवढंच म्हणायचात. त्यात माणूस यायचा आहे, हे मला आपोआप कळायचं.

आणि तो मोठा ओरडा. आहेराचा भाग मी एकटीने जोडला होता, पहिल्यांदाच. माइकवरून एकेकाचं नाव पुकारतात, तो माणूस येतो, टॉवेल-टोपी देतो-घेतो, फोटो काढतो, जातो. दीड तास तेच. मी आपली हुशारी दाखवायला त्यातली एक म्हातारी उडवली. हललेलं चित्र होतं, तिचा पदर तोंडावर आला होता, आहेर म्हणजे एक खण. तुम्ही बघत बघत आलात, तिथे थांबलात. “हाई बाई कोठे गयी?” मी म्हटलं, नाना, चित्र हललंय. तुम्ही आवाज चढवला नाहीत, तेच वाईट. “चित्र हालनं व्हई. ती तर नही हालनी. ती गावथीन आयेल शे, पोरी. टीव्हीवर ती पहिली नि शेवटली एकच वेळ दखाई. मानूस कापाना नही.” आणि त्या एका म्हातारीसाठी तिथून पुढचं सगळं मी पुन्हा जोडलं, पूर्ण दिवस. तुमचा मनातून इतका राग आला होता की नानींनी पुढे केलेली खिचडी मी खाल्ली नाही. दुसऱ्या दिवशी टेबलावर माझ्यासाठी नवाकोरा हेडफोन ठेवलेला. मी तो कानाला लावला आणि पुढचं लग्न जोडायला घेतलं.

तर आता नवीन गोष्ट. गेली पंधरा वर्षं आम्ही सुरतेतले सगळे मिक्सिंगवाले एकच सॉफ्टवेअर वापरत आलो. लोक आता मिक्सिंग म्हणत नाहीत, एडिटिंग म्हणतात, पण काम तेच. डावीकडे कच्चा माल, उजवीकडे तयार चित्र, खाली लांबच लांब पट्टी, तिच्यावर तुकडे. माझी तीन बोटं न बघता चालायची. काळी जागा ठेवायची माझी सवय तिथेही गेली नव्हती; पट्टीवर रिकामं सोडायचं आणि पुढे जायचं. मध्यंतरी कंपनीने ते सगळं मोडून नवीन रूपात आणलं. पहिल्या दिवशी वाटलं, चुकून मोबाईलच उघडला की काय मी! मोठी मोठी गोल बटणं, गुळगुळीत रंग, डाव्या-उजव्या दोन खिडक्यांची एकच केलेली, कीबोर्डच्या सगळ्या कळा इकडच्या तिकडे. जिथे दाबलं की तुकडा कापला जायचा, तिथे आता दाबलं की पडद्यावर ताऱ्यांचा पाऊस. आणि एक बटण तर थेट विचारतं, तुमच्यासाठी सुंदर क्षण निवडू का? एकदा गंमत म्हणून दाबलं, तर त्याने हसरे, गोरे, उजेडातले चेहरे तेवढे ठेवले. म्हाताऱ्या सगळ्या गेल्या. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणून सांगू! आमचा सगळ्यांचा मोबाईलवर एक ग्रुप आहे, त्यावर आठवडाभर नुसत्या शिव्या. बारडोलीचे एक भाई आहेत, ऊसवाल्यांची मोठमोठी लग्नं करतात, शांत माणूस. त्यांनीसुद्धा लिहिलं की आपल्याच घरात कुणीतरी भांडी हलवून ठेवावीत तसं झालंय. खरं सांगू? मला राग कमी, भीती जास्त होती. पन्नाशी जवळ आलीय. कळा विसरलेली बोटं घेऊन मी कुठे जाणार? दुकानातल्या मुली चार दिवसांत सरावल्या आणि मी कापायच्या जागी तारे पाडत बसले.

आणि नवीन रूप आलं त्या दिवशीच नेमकं ते लग्न हातात होतं. डिंडोलीचंच, आपल्या खानदेशी लोकांतलं. अर्धं काम जुन्यात झालेलं, दुसऱ्या कॅमेऱ्याच्या माणसांसाठी नेहमीसारख्या सात-आठ काळ्या जागा सोडलेल्या, कुठल्या मिनिटाला कोण बसणार ते वहीत लिहिलेलं. रविवारी दुकान बंद असताना कॉम्प्युटरने आपणहून नवीन रूप चढवून घेतलं. सोमवारी, त्या पहिल्याच दिवशी, मी ते काम उघडलं. नाना, मला मागाहून कळलं, या शहाण्याला रिकामी जागा दिसली की तो ती मिटवून टाकतो! विचारत नाही, सांगत नाही, मागचे तुकडे सरकवून पुढे आणून चिकटवतो. माइकवरची नावं मात्र वेगळ्या पट्टीवर, ती जागची हलली नाहीत. पट्टीवर काळं राहिलंय का ते न बघता मी वहीतल्या आकड्यांवर राहिलेली माणसं बसवली, पहिली पाच मिनिटं तपासली, चोख होती, आणि पेनड्राइव्ह देऊन मोकळी झाले. दुसरा कुणी असता तर त्याने पूर्ण तपासलं असतं. पण तीस वर्षं काळ्या जागेने मला एकदाही दगा दिला नव्हता.

पुढच्या रविवारी त्यांनी गल्लीत पडदा लावून सगळ्यांना बोलावलं. आहेर सुरू झाला. माइकवर पुकारा होतो, नवरीचे थोरले मामा, आणि पडद्यावर येतो घरचा जावई, ज्याच्याशी मामांचा तीन वर्षं अबोला! जावयाच्या नावावर नऊवारीतली आत्या. आत्याच्या नावावर आचारी, हातात झारा. पोरं हसून हसून लोळली. मामांचा फोन आला तेव्हा मी भाकरी थापत होते. “ताई, मन्हा नाववर त्याले दखाडं? त्याले?” तो शेवटचा ‘त्याले’ अजून कानात आहे. मी हात धुतले, तशीच त्यांच्या घरी गेले, सगळ्यांसमोर माफी मागितली आणि चार दिवसांत पुन्हा जोडून दिलं, प्रत्येक नाव त्याच्या चेहऱ्याशी जुळवून. मामा शेवटी चहा पाजूनच सोडायला तयार झाले. पण त्या चार दिवसांत मी ठरवलं होतं की असंच चालणार असेल तर दुकान मुलींच्या ताब्यात देऊन आपण बाजूला व्हायचं.

तेवढ्यात ग्रुपवर निरोप आला, कंपनीची माणसं सुरतेला येताहेत, उधन्याच्या हॉलमध्ये, वापरणाऱ्यांचं ऐकायला. आम्ही साठ-सत्तर जण जमलो. सगळे एकदम बोलत होते आणि समोरचे तिघे नुसतं हसून मान हलवत होते. बारडोलीचे भाई मागून मला म्हणाले, “बेन, तमे बोलो. अमे पाछळ छीए.” तुम्ही बोला, आम्ही पाठीशी आहोत. मी उठले. एकदा तोंड उघडल्यावर मी कसली थांबते! मामा, जावई, झारा, सगळं सांगितलं. हॉल हसला. मग तुम्हाला आणलं मी मध्ये. टेप, काळा पडदा, धुळ्याला गेलेली कॅसेट. म्हटलं, ही जागा रिकामी नसते, तिथे माणूस यायचा असतो; तुम्ही ती न विचारता मिटवलीत. टाळ्या पडल्या, नाना! तुमच्या स्वयंपाकघरातल्या युक्तीला उधन्याच्या हॉलमध्ये टाळ्या! कंपनीकडची एक मुलगी होती, माझ्या दुकानातल्या मुलींएवढीच. ती उठली, आपल्या खुर्चीवर मला बसवलं, म्हणाली, “तमे ज बतावो.” तुम्हीच दाखवा. समोर मोठा पडदा, मागे सत्तर माणसं. चार वेळा चुकीचं दाबलं. दोनदा तारे पडले. ती मुलगी शेजारी बसून होती, दोन्ही हात मांडीवर. पाचव्या वेळी जमलं, सगळ्यांनी तुकडे सरकताना पाहिले, आणि तिने वहीत लिहून घेतलं.

मला वाटलं होतं वहीतच राहील. आज आलं! आता पट्टीवर जागा सोडली की ती राहते, कुणी हलवत नाही, आणि दिसतेही काळीच. मी दहा वेळा सोडून पाहिली. मामांच्या नावावर मामा, जावयाच्या नावावर जावई, सगळं बसवून पाहिलं. बारडोलीच्या भाईंचा फोन, पांडेसऱ्यातल्या एका पोराचा फोन, सगळ्यांना पेढे हवेत. आणि अजून एक, हे ग्रुपवर बोलायची सोय नाही. ते नवीन रूप मला आवडायला लागलंय. कळा बसल्यात हातात. आवाजातली खरखर ते असं पुसतं की नानींच्या फोडणीचासुद्धा आवाज काढून टाकेल. मी काही बाजूला होत नाही. अजून पुष्कळ लग्नं जोडणार आहे मी.

हे तुम्हाला पोचवायचं म्हटलं तरी कुठे? तुमच्या खोलीत आता मोबाईलची कव्हरं विकतात आणि नानी मुलीकडे नवापूरला असतात. त्यांना वाचून दाखवण्याची मला हिंमत नाही, कारण पुढचं त्यांनी ओट्यापाशी उभं राहून पाहिलेलं आहे. मी सगळीकडे सांगत आले, त्या दिवशी हॉलमध्येही सांगितलं, की आमच्या नानांना कॉम्प्युटर पटला नाही, म्हणून त्यांनी काम सोडलं. लोक कौतुकाने ऐकतात, जुनी माणसं अशीच हट्टी. तसं नव्हतं. तुम्ही कॉम्प्युटर स्वतः आणलात. मी बाहेर शिकून आले होते, म्हणून मला शेजारी बसवलंत, चष्मा पुसलात, माउस हातात धरलात. त्या दिवशी तुम्ही खूश होतात, नाना, आज मी होते तसेच. बाण पडद्यावर भलतीकडे पळत होता आणि तुम्ही हसत होतात. मला संध्याकाळपर्यंत एक लग्न द्यायचं होतं. तुम्ही विचारलंत, “आते काय दाबू?” आणि मी उत्तर न देता तुमच्या हातातून माउस काढून घेतला. त्यानंतर तुम्ही पुन्हा कधी विचारलं नाहीत.