उंचावरची टिटवी

बोरी
रविवार, १८ जून २०२३, दुपारी सव्वादोन

आत्ताच रामहरीकाकांच्या वावरातून आलो. मातीखालची सरकी उकरून बघत होतो. हात धुऊन लिहायला बसलो आहे.

तीर्थस्वरूप मामांना व्यंकटीचा पाया पडून नमस्कार.

आई बरी आहे. पाऊस अजून नाही. कमलमामींना सांगा, लोणच्याची बरणी पोचली, वाटेत सांडलं नाही. तुमचा गुडघा कसा आहे?

परवा दोनदा तुम्हाला फोन लावून कापला. तुम्ही परत केलात तेव्हा "चुकून लागला" म्हणालो. चुकून लागला नव्हता.

तुमचा टिटवीचा फोटो मोठा करून पुढच्या रविवारी मानवतला तुमच्या शाळेत लावणार आहेत, असं आईकडून कळलं. ती साऱ्या गल्लीत सांगत फिरायलीय, "तीस वर्षांनी माझ्या भावानं कॅमेरा हातात धरला अन् फोटो थेट भिंतीवर!" ती सांगायला लागली की मी तिथून उठतो.

मामा, तो फोटो भिंतीवर जायच्या आत हे पत्र तुमच्या हातात पडावं.

मेच्या शेवटी मी तुम्हाला टिटवीची अंडी सापडल्याचं कळवलं. ती कोरड्या ओढ्याच्या तळाशी होती, हे कळवलं नाही. एवढा काठ उतरायचा म्हटल्यावर तुम्ही आला नसता. नववीत शाळा सुटल्यावर तुम्ही मला घरी बसवून शुद्धलेखन शिकवलंत. तुम्हाला काहीतरी द्यावं असं फार दिवस मनात होतं.

तुम्ही निघाल्याचा फोन आला आणि मी ओढ्यात उतरलो. चारही अंडी टोपीत घेतली, खालचे खडेसुद्धा उचलले आणि वरच्या बांधावर हुबेहूब मांडले. अंड्यांची टोकं आत, तिने ठेवली होती तशी. मला वाटलं, मांडणी बरोबर असली की झालं.

तुम्ही झुडपाआड खुर्चीवर बसलात. टिटवी ओढ्यावर ओरडत घिरट्या घालत होती. एकदाच बांधावर उतरली आणि मान वाकडी करून अंड्यांकडे बघत राहिली. तोच तुमचा फोटो. लोक म्हणतात, आईचं काळीज बघा. मला त्यात, ही इथं कशी आली, असं विचारणारी टिटवी दिसते.

निघताना तुम्ही विचारलंत, "हात तर नाही ना लावलास कशाला?" मी म्हणालो, "न्हाई मामा." मग बसथांब्यावर तुम्ही बुलबुलाच्या घरट्याची गोष्ट सांगितलीत. फोटोसाठी तुम्ही बाभळीची फांदी बाजूला बांधली, दुसऱ्या दिवशी कावळ्यांनी पिल्लं नेली आणि तुम्ही कॅमेरा पेटीत ठेवून दिला, तो तीस वर्षं. तेव्हा तरी मी बोलायला हवं होतं. बस आली आणि मला सुटल्यासारखं वाटलं.

तुम्ही गेल्यावर अंडी परत खाली नेली. उन्हाने चटका बसावा इतकी तापली होती. टिटवी आली, बसली. पुढे रोज पोट ओलं करून यायची आणि अंडी गार ठेवायला त्यांवर बसायची. पिल्लं निघाली नाहीत. गुरुवारी गेलो तर ती नव्हती. अंडी तशीच, टोकं आत.

तुमचा फोटो मोबाइलवर फिरत फिरत गावात आला तो "टिटवीची अंडी उंचावर, यंदा भरपूर पाऊस" असं लिहून. तुम्ही हसता, पण इथे लोक हे धरून चालतात. टिटवी खाली बसली तर पाऊस कमी, वर बसली तर जास्त. रामहरीकाकांनी त्या भरवशावर कोरड्या मातीत सरकी लावली. आज उकरली तर निम्मी मुंग्यांनी पोकळ केलेली.

तिथेच मी त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी हातातली पोकळ सरकी खाली टाकली.

"म्हंजे टिटवीनं न्हाई, तू घातलीस व्हय अंडी उंचावर?"

"हो काका."

"मंग आता पाऊसबी तूच पाड!"

शेजारी सरकी उकरत बसलेल्या पारूकाकी हसता हसता थांबल्या. "मामाला सांगितलंस का रं?"

"न्हाई."

"अन् आमाला सांगायलास? लय शहाणा हायस. आदी त्यांला सांग जा."

पाऊस पडला की त्यांची सरकी पुन्हा मी लावून देणार आहे. ते माझ्या हातात आहे. पिल्लांचं नाही.

फोटो लावायचा की नाही ते तुम्ही ठरवा. पण मामा, कॅमेरा पुन्हा पेटीत ठेवू नका. त्या दिवशी तुम्ही खुर्चीवरून हललासुद्धा नाहीत. हात माझे होते. तुम्ही फोटो काढणं सोडलंत, तर चार अंड्यांबरोबर तेही माझ्याकडून गेलं असं होईल.

आणि लावलाच, तर खाली तुमच्या नावानंतर एक ओळ घाला : अंडी बांधावर ठेवणारा, व्यंकटी.

पत्रातले ऱ्हस्व-दीर्घ दोनदा तपासले आहेत. त्यात चूक निघाली, तर तेवढीच माफ करा.

तुम्हाला "न्हाई मामा" म्हणालेला,
व्यंकटी