धर्माची बाटली

कर्जत, माघ वद्य पंचमी

कशेळ्याचा म्हातारा धर्मा आज दवाखान्यात आला होता. कंपवात. इथे बाटली ज्याची त्यानंच आणायची. गेल्या खेपेला त्याच्या बाटलीत औषध भरून, खुराकाच्या खुणांची पट्टी मीच डकवली. खुणेबरहुकूम ओतायचं, ते त्या थरथरत्या हातांनी. मला कसं सुचलं नाही? निम्मं अंगावर सांडलं म्हणे.

"बायकोला ओतू दे."

"ती पहाटंच मोळीला जाती, डाक्तर."

पुड्या द्याव्यात? त्या तरी कशा सोडेल? आणि औषधानं थरथर जाते कुठे, जरा कमी होते इतकंच.

उठताना त्यानं धुऊन आणलेली बाटली टेबलावर ठेवली. पट्टी तशीच होती. मी ती पुन्हा भरायला उचलली.

"ऱ्हाऊ द्या. दुसऱ्या कुनाला व्हईल."

मी ती ठेवून घेतली.