तुळईवरची दोरी

डोंबिवली,
ता. ३ डिसेंबर १९५३

चि. सौ. मंदास आईचे अनेक आशीर्वाद.

पाकिटावर तुझं सासरचं नाव 'प्रमोदिनी' घातलंय, आत मात्र तू मंदाच. तुझं पत्र परवा पोचलं. इकडे सर्व क्षेम. थंडी बेताची आहे, घेवडा स्वस्त झालाय. माझे गुडघे बरे आहेत, म्हणजे कुरकुरतात पण भांडत नाहीत.

इतकी वर्षं तुला पत्र नानाच लिहायचे आणि खाली बोटभर जागा माझ्यासाठी सोडायचे. त्यात 'तब्येतीस जप' एवढंच मावायचं. आज अख्खा कागद माझा, आणि काय लिहावं ते सुचत नाही.

तू लिहितेस, बाळंतपण नागपुरातच करू, आई एकटी, तिला झेपायचं नाही. विहीणबाईंचंही म्हणणं पडलं, की वर्षाच्या आत दुःखाच्या घरी लेकीला कशाला पाठवायचं. बरोबरच आहे. तिथला दवाखाना मोठा, सगळी सोय हाताशी. मी काही मनाला लावून घेतलेलं नाही.

सुधीरने तुला कळवलं म्हणे, की आई एका दोरीपायी त्याच्या अंगावर धावून गेली. गेले. ते खरं आहे. पण दोरी कसली ते त्याने लिहिलं नसणार, म्हणून सांगते.

तुला दिवस गेल्याचं कळलं आणि नानांच्या अंगात आलं. तुम्हा दोघांच्या जन्माच्या वेळी ते समुद्रावर. सुधीरला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा तो चांगला चालत होता, आणि यांना 'काका' म्हणून माझ्या पदराआड लपला. ते त्यांना फार लागलं होतं. नेव्हीतून सुटल्यावर माणूस आरामखुर्ची धरतो, यांनी शाळा धरली. मोडी शिकले, शेजारच्या रेल्वेतल्या बाबूंकडून बंगाली शिकले, पेटी शिकताना तर सगळ्या चाळीचा अंत पाहिला. आणि आता निघाले बाळंतपण शिकायला! पाथर्लीच्या गंगुबाई सुईणीला ओटीवर बसवून विचारायचे, पोराची मान कशी धरायची, उचकी लागली तर काय करायचं, टाळू कधी भरते. ती तोंडाला पदर लावून मला म्हणाली, "बाय, एवढं सवाल तर मामलेदार पन नाय इचारीत. तुझा मालक माझं काम काढून घेतो का काय?"

तुला चौथा लागला नाही तोच यांनी तुळईला पाळण्याची दोरी बांधली. गंगुबाई कडाडली, "आधी पाळना टांगतात का कुठं?" तर हे म्हणतात, "पाळणा कुठाय? ही नुसती दोरी. दोरीला कसला आलाय अपशकुन?" गाठ बोटीवरची. जितकं वजन तितकी घट्ट बसते आणि सोडायची म्हटली तर एका बोटाने सुटते, म्हणाले. ते त्यांच्या बोटाने.

भाद्रपदात ते गेले. त्यानंतर गंगुबाई आली की दोरीकडे बघायची. मीही बघायची, ते वेगळ्या कारणाने. त्यांच्या हातचं या घरात अजून बांधलेलं असं तेवढंच राहिलं होतं.

दिवाळीनंतर सुधीर आला. ठाण्याला चल, महिनाअखेर ही खोली सोडून देऊ, म्हणाला. पोरगा वाईट नाही. वडिलांच्या मागे आईला एकटं ठेवलं असं त्याला चारचौघांत ऐकायचं नाही, आणि माया तर आहेच. आवराआवर करायला स्टुलावर चढला. गाठ सुटेना. ओढली तशी आणखी घट्ट झाली, तेव्हा याने चाकूने दोरी कापली.

मी किंचाळले. "आई, अगं दोरी आहे ती नुसती!" "नानांची आहे!" म्हटलं, आणि दंडाला धरून त्याला दाराबाहेर काढला. तो जिन्यात बसून रडला, मी आत. मग चहा मीच केला.

दोरी तुटली तरी तुळईभोवतीची गाठ जागेवर होती. मी स्टुलावर चढून ती बघायची आणि खाली येऊन खाटेच्या पायाला तशी मारायची. सुटायची. नाना शिकवायला बसत तेव्हा मी म्हणे, "मला काय करायचंय, तुम्ही आहात ना." आता चुकलं तर हसायला कुणी नाही, जमलं तर दाखवायला कुणी नाही. असलं शिकणं फार एकट्याचं असतं गं.

शेवटी जमली. काल बाजारातून नवी दोरी आणली, तुळईला बांधली, पाळणा लावला, आणि बारशाला बाळाआधी घालतात तसा वरवंटा त्यात ठेवून पाहिला. वळते तो गंगुबाई दारात. वाटलं, आता ओरडणार. ती आत आली, दोन्ही हातांनी दोरी धरून सगळा भार टाकला. "नाय सुटत," म्हणाली. "लेकीला कवा आनतेस?"

मंदे, मी पाळण्यातला वरवंटा काढून पाट्यावर ठेवला.

मनाला लावून घेतलं नाही असं वर लिहिलंय, ते खोटं आहे. मला या घरात फार एकटं वाटतं. एकीचा भात करायला हात वळत नाही, रोज उरतो. दुपारी कुणाचा तरी आवाज यावा म्हणून पोस्टमनला थांबवून पाणी देते. पण त्यासाठी येऊ नकोस. माझी कीव म्हणून तर मुळीच नको. हे बाळंतपण त्यांचं होतं. "या वेळी दाराबाहेर मी उभा असणार," असं ते येताजाता म्हणायचे. ते आता उभे राहू शकत नाहीत. निदान दार तरी तेच असू दे.

विहीणबाईंना माझा नमस्कार सांग. म्हणावं, दुःखाचं घर आहे म्हणूनच तिथे पोर रडायला हवं. कल्याणला सुधीर उतरवून घेईल, मी त्याला विचारलंय आणि तो हो म्हणालाय. खोली मी सोडत नाही.

सातवा सरायच्या आत निघ. गंगुबाई उद्या पुन्हा विचारील. तिला काय सांगू?

अजून डोंबिवलीतच असलेली,
तुझी आई