सुमनचा उजवा हात

मंगळवार, वलगाव. दिवेलागण.

नात सीमा आज अकोल्याहून आली. मी गावात हाडं-सांधे चोळून देणारा; ती फिजिओथेरपिस्ट झाली, म्हणून गावभर सांगत असतो, हातगुण माझाच उतरला.

शेजारची सुमन तिला हात दाखवायला आली. मागं पडून सुमनचा कोपर मोडला होता. दवाखान्यातलं प्लास्टर निघाल्यावर महिनाभर रोज तेल चोळून कोपर ओढला तो मीच. अजून घास घ्यायला गेली की हात तोंडाच्या वीतभर अलीकडे थांबतो.

एक्स-रे पाहून सीमानं मला बाजूला घेतलं. "आबा, कोपर असा चोळत नसतात. जोर केला का मांसात नवं हाड धरते, सांधा आखडते. तिचं तिले हळूहळू हलवू द्या लागत होतं."

"मंग इतकी वर्सं मी काय करून राहिलो?"

"कंबर, पाठ मोकळी केली तुमी. पण कोपराले हात लावाचा नव्हता."

हातच्या कांकणाला आरसा कशाला? वीतभर. ती वीत डोळ्यांपुढून हलत नाही. सुमन कळवळायची तेव्हा मीच म्हणायचो, सोस बाई, दुखल्याबिगर मोकळं होत नाही. असे आणखी किती हात असतील गावात?

सीमा म्हणाली, तुमी राहू द्या, मीच सांगीन तिले. क्षणभर बरं वाटलं, तेच आता जास्त बोचतं. शेवटी मीच सुमनच्या कुंपणाशी गेलो.

"सुमन, तुहा हात माह्यामुळं बिघडला, बाई."

ती म्हणाली, "मले वाटे आबा, मीच सोसाले कमी पडली."